मोदक, पापड आणि मतदानाची शाई

मेंदू बादलीत उलटा टांगून ठेवतात. हे वाक्य मी पहिल्यांदा सासूबाईंना ऐकवलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला होता. पण खरंच तसंच करतात. ताजा मेंदू सायीच्या दह्याइतका मऊ असतो. नुसता बादलीच्या तळाशी ठेवला तर स्वतःच्याच वजनाने चपटा होतो आणि तसाच घट्ट होऊन बसतो. म्हणून खालच्या बाजूला बेसिलर आर्टरी नावाची जी रक्तवाहिनी असते तिच्याखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं बादलीच्या कडीला बांधायची आणि दहा टक्के फॉर्मलिनमध्ये तो अधांतरी सोडायचा. दोन-तीन आठवड्यांनी तो सुरीने कापण्याजोगा होतो.

मी एकतीस वर्षं एका सरकारी मेडिकल कॉलेजात हिस्टॉलॉजी टेक्निशियन होते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, नाहीतर लोक गुडघेदुखीचं औषध विचारतात. माझं काम म्हणजे तुकडा घेणं, तो वॅक्समध्ये बसवून ब्लॉक करणं, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याची सेक्शन म्हणजे अगदी पातळ चकत्या कापणं, रंगवणं, आणि स्लाइड तयार करून मुलांपुढे ठेवणं. निवृत्त होऊन साताऱ्याला आले त्यालाही आता काही वर्षं झाली. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाचीची मुलगी, चिऊ.

चिऊला शाळेसाठी चेतापेशीचं मॉडेल करायचं होतं. थर्माकोलचा गोळा, त्याला फांद्यांसारखे फाटे, मग एक लांब शेपूट, शेपटीवर ओळीने मणी, टोकाला पुन्हा बोटं. पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम, अगदी सुबक. मी म्हटलं, "छान झालंय. पण ही मेंदूतली नव्हे, मणक्यातली आहे." पुस्तकात बहुतेक वेळा छापतात ती मज्जारज्जूमधली, स्नायूंना हुकूम देणारी पेशी.

"मग मेंदूतली कशी असते?" तिने विचारलं.

आता याला एका वाक्यात उत्तर नाही. "झाड कसं असतं?" असं कुणी विचारलं तर माड सांगाल की वड?

खरी गंमत अशी की पहिली सात वर्षं मलाही ते माहीत नव्हतं. रोज मेंदू कापत होते, तरी. आमच्याकडे रोजचा रंग म्हणजे एच अँड ई, निळा आणि गुलाबी. केंद्रक निळं, बाकी गुलाबी. त्यात मोठ्या मेंदूची साल पाहिली की गुलाबी मैदानात विखुरलेले त्रिकोण दिसतात. प्रत्येक त्रिकोणात एक फिकट गोल केंद्रक आणि त्याच्या मधोमध ठसठशीत ठिपका, कुंकू लावल्यासारखा. पुस्तकं याला पिरॅमिड सेल म्हणतात. मी इजिप्तला गेलेली नाही. मला तो कायम मोदक वाटत आलाय. खाली गोल बूड, वर निमुळतं होत गेलेलं नाक. आणि सगळ्या मोदकांची नाकं एकाच दिशेला, मेंदूच्या पृष्ठभागाकडे. ब्लॉक उलटसुलट बसला असला तर मी मोदकाच्या नाकावरून वरची बाजू ओळखायची.

पण नाकाच्या पुढे काय? काहीच नाही. तिथेच तो तुटायचा. फांद्या नाहीत, शेपूट नाही. यात पेशीचा दोष नाही, माझ्या चाकूचा आहे. आमचं सेक्शन पाच मायक्रॉनचं, म्हणजे मिलीमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. मेथीची जुडी वॅक्समध्ये बुडवून तिच्या कागदाएवढ्या पातळ चकत्या करा आणि मग एका चकतीवरून मेथीचं रोप कसं दिसतं ते सांगा. देठाचे चार गोल आणि पानाचे दोन चतकोर हाती लागतील. वर एच अँड ई बारीक फांद्यांना वेगळा असा रंग देतच नाही, त्या गुलाबी मैदानातच विरून जातात. मी सात वर्षं चतकोर बघत होते आणि तीच पेशी समजत होते.

1995 साली आमच्या विभागात एमडी करणारा एक मुलगा आला. त्याच्या थिसिससाठी गोल्जी पद्धतीने रंगवलेला मेंदू हवा होता. सर म्हणाले, "बाई, तुम्ही आहात ना. करून बघा." करून बघा या शब्दांनी माझ्या आयुष्याचे चार महिने खाल्ले.

कृती ऐकायला लोणच्याइतकी सोपी. मेंदूचे तीन-चार मिलीमीटरचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचे. ते पाणी जिलबीच्या रंगाचं असतं. आठवड्याने तुकडे काढून सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचे आणि अंधारात ठेवायचे. दोन्ही रसायनं आत भेटली की सिल्व्हर क्रोमेटचा गडद साका बसतो, आणि तो कुठे बसतो, तर एखाद्या पेशीच्या आत, तिच्या शेवटच्या टोकापर्यंत. पेशी काळी होते, बाजूचं सगळं सोनेरी पिवळं राहतं.

पहिला घाणा वाया गेला. मी सवयीने तुकडे नळाच्या पाण्यात खंगाळले आणि चांदीच्या पाण्यात टाकले. बाटली दुधासारखी पांढरी झाली. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, त्याच्याशी चांदी भांडते. डिस्टिल्ड वॉटरच हवं, हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. दुसऱ्या घाण्यात मी स्टीलचा चिमटा वापरला. त्यावर चांदी जमली, तुकड्यांवर काळे स्फटिक आले आणि सेक्शनमध्ये पेशीच्या जागी कोळशाची खाण दिसली. त्यानंतर काचेच्या कांड्या, डिस्टिल्ड वॉटर, आणि बाटल्यांना गुंडाळायला एक्स-रे विभागातून मागून आणलेला फिल्मचा काळा कागद.

चांदी माझ्या बोटांवरही चढली. दोन्ही हातांची बोटं, नखं, सगळं काळंतपकिरी. घासून जात नाही, कातडी उतरेल तेव्हाच जातं. नेमक्या त्याच सुमाराला विधानसभेच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. सासूबाई माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "किती जणींच्या नावावर मतं टाकून आलीस गं?" त्यांचा विनोद त्यांना वाटला त्यापेक्षा अचूक होता. मतदानाची जी म्हैसूरला बनते ती शाई, तिच्यातही सिल्व्हर नायट्रेटच असतं. बोटावर मत दिल्याची खूण ठेवणारी आणि मेंदूतली पेशी दाखवणारी चांदी एकच.

ही पद्धत ज्याने शोधली तो कॅमिलो गोल्जी. इटलीत मिलानजवळ आबियातेग्रासो नावाचं गाव आहे, तिथे दुर्धर रोग्यांच्या इस्पितळात तो नोकरीला होता. प्रयोगशाळा वगैरे काही नव्हती. इस्पितळातलं एक स्वयंपाकघर त्याने त्यासाठी वापरलं आणि 1873 मध्ये ही काळी अभिक्रिया जाहीर केली. मला त्या स्वयंपाकघराचं फार अप्रूप आहे. हे काम शेवटी स्वयंपाकासारखंच आहे. प्रमाण, वेळ, तापमान, आणि वर थोडं नशीब. नशीब अशासाठी की ही चांदी शंभरात एखाद-दोनच पेशी रंगवते. त्याच का आणि शेजारच्या का नाहीत, याचं पुरतं उत्तर अजूनही मिळालेलं नाही. पण तोच तिचा उपकार आहे. सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर स्लाइड म्हणजे नुसती काळी पाटी झाली असती. गच्च रानातल्या एकाच झाडावर उजेड पडावा तसं होतं, म्हणून ते झाड तरी दिसतं.

तिसरा घाणा जमला. या तुकड्यांना वॅक्सचं नुसतं वरवरचं कवच द्यायचं आणि सेक्शन पाच नव्हे तर शंभर मायक्रॉनचं कापायचं, म्हणजे आमच्या हिशेबाने अगदी जाडजूड. मग ते लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचं. त्या दिवशी अख्ख्या लॅबला मसालेभाताचा वास येत होता.

मी मायक्रोस्कोप लावला आणि मोदक दिसला. पूर्ण. नाक थांबलंच नाही. ते सरळ वर चढत गेलं, वाटेत दोन्ही बाजूंना तिरक्या फांद्या टाकत, आणि पृष्ठभागाजवळ पोचल्यावर तिथे झाडूसारखं पसरलं. बुडाकडून चहूबाजूंना फाटे निघाले होते, मुळांसारखे. आणि बुडाच्या मध्यातून एक अगदी बारीक, एकसारख्या जाडीची रेघ खाली उतरत होती. तो अक्षतंतू. वरच्या सगळ्या फांद्या ऐकायच्या, ही एक बोलायची. फाइन फोकसचं चाक जरासं फिरवलं की एक फांदी विरघळायची आणि तिच्या खालची दुसरी वर यायची, पाण्यातून आल्यासारखी. शंभर मायक्रॉनला खोली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

सर म्हणाले, "मोठं लेन्स लावा." लावलं. फांद्या गुळगुळीत नव्हत्या. पूर्ण लांबीभर बारीक कळ्या फुटलेल्या होत्या, जेमतेम एक मायक्रॉनच्या, कुणाला लांब देठ, कुणी बुटकी, कुणाचं डोकं आळंब्यासारखं फुगलेलं. इंग्रजीत यांना स्पाइन म्हणजे काटे म्हणतात. मला त्या काट्यांपेक्षा कळ्याच वाटतात. एकेका मोदकावर अशा हजारो. दुसऱ्या पेशीचा निरोप बहुतेक वेळा या कळीवरच येऊन पोचतो. फ्रॅजाइल एक्स नावाचा एक आनुवंशिक विकार आहे, त्यात मुलांची बौद्धिक वाढ मागे राहते. त्यांच्या मेंदूत या कळ्या लांब, किडकिडीत, अर्धवट वाढल्यासारख्या आढळतात. हे नंतर वाचलं तेव्हा मला त्या स्लाइडचीच आठवण आली.

त्या मुलाला आकृत्या हव्या होत्या आणि फोटोत एका वेळी एकच पातळी नीट येते. म्हणून कॅमेरा ल्युसिडा लावून मी स्वतः एक पेशी कागदावर उतरवली. यात आरशाची अशी युक्ती असते की एका डोळ्याला पेशी आणि आपली पेन्सिल दोन्ही एकदम दिसतात. एका पेशीला तीन दुपारी लागल्या. मान अवघडली. एक फांदी तर मध्येच कापली गेली होती, ती पुढच्या सेक्शनमध्ये गेली असणार. ती मी तशीच तुटकी ठेवली, मनाने पूर्ण केली नाही. याचा मला अजून अभिमान आहे.

मोदकांमध्ये सगळ्यांत थोराड ते बेट्झचे. कीव्हच्या व्लादिमीर बेट्झने 1874 मध्ये वर्णन केले. हालचालीचा हुकूम देणाऱ्या पट्ट्यात ते असतात आणि त्यातही पायांच्या भागातले सर्वांत मोठे. धड मिलीमीटरच्या एकदशांशापर्यंत. त्यांचा अक्षतंतू डोक्यापासून निघून मज्जारज्जूत कमरेपर्यंत जाऊ शकतो. मी एकदा हिशेब केला. बेट्झचं धड पाच सेंटीमीटरच्या उकडीच्या मोदकाएवढं धरलं, तर त्याची शेपूट तीनशे मीटरच्या घरात जाते. आमच्या गल्लीच्या टोकापासून पार बाजारापर्यंत. एवढ्या शेपटीला पोसायचं म्हणजे धड मोठंच लागणार.

आता गोल्जीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण मला त्याचं वाईट वाटतं आणि रागही येतो. त्याला वाटायचं की हे सगळं एक सलग जाळं आहे, सगळ्यांचे तंतू एकमेकांत विरघळलेले. स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल नावाचा माणूस होता. त्याला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, बापाने डॉक्टर केलं. त्याने 1887 मध्ये माद्रिदला एका सहकाऱ्याकडे गोल्जी पद्धतीची स्लाइड पहिल्यांदा पाहिली. तोवर पद्धतीला चौदा वर्षं झाली होती आणि लोकांनी ती लहरी म्हणून बाजूला टाकली होती. काहालने तुकडे दोनदा मुरवायला सुरुवात केली, सेक्शन जाड घेतलं, आणि पिल्लांचे, भ्रूणांचे मेंदू निवडले, कारण त्यांच्यात तंतूंवर अजून चरबीचं वेष्टण चढलेलं नसतं आणि चांदी नीट बसते. त्याला दिसलं की तंतू जवळ येतात, बिलगतात, पण एक होत नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र. कळ्याही त्यानेच 1888 मध्ये दाखवल्या. लोक म्हणाले, ती चांदीची घाण आहे. (लोकांचं मी समजू शकते. माझा दुसरा घाणा त्यांनी पाहिला असता तर काहालवर कुणीच विश्वास ठेवला नसता.)

1906 मध्ये दोघांना मिळून नोबेल दिलं, आणि गोल्जीने आपल्या भाषणात काहालच्याच सिद्धांतावर टीका केली. त्याच मंचावर. दोन पेशींमध्ये खरोखर फट आहे, मिलीमीटरचा पन्नास हजारावा भाग असेल एवढी, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने 1950 च्या दशकात दाखवलं. गोल्जी चुकला होता. पण टेक्निशियन म्हणून माझं मत विचाराल तर, ज्याने रंग शोधला त्याला पहिलं ताट. बाकीच्यांनी नंतर जेवावं.

मोठ्या मेंदूचं काम झाल्यावर त्या मुलाला अनुमस्तिष्क हवं झालं, म्हणजे मागच्या बाजूचा छोटा मेंदू. आणि तिथे मी तोंडावर आपटले.

त्यातल्या पुर्किन्ये पेशी मला रोजच्या ओळखीच्या होत्या. झेक माणूस, यान पुर्किन्ये, याने 1837 मध्ये त्या दाखवल्या. (बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार पाडणाराही हाच. माझी काळी बोटं त्याला आवडली असती.) एच अँड ईमध्ये त्या सुरईसारख्या दिसतात, एका ओळीत मांडलेल्या. चांदीत त्यांचं झाड पुस्तकांत पाहिलं होतं. माणसाच्या मेंदूत इतकं दाट फांद्यांचं दुसरं झाड नाही. मी ब्लॉक केले, सेक्शन कापली, लवंगेचं तेल, सगळं रीतसर. मायक्रोस्कोपखाली झाड नव्हतं. सुरईवर नुसती एक अरुंद काठी उभी होती, तिला आजूबाजूला जेमतेम चार काटक्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच तशा. मला वाटलं चांदी अर्ध्यात थांबली. सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, चांदी उत्तम बसलीय. तुकडा आडवा कापलात."

झालं होतं असं. पुर्किन्येचं झाड आंब्यासारखं गोल डेरेदार नसतं, ते चपटं असतं. दोन बोटांत चिरडून वहीत ठेवलेल्या फांदीसारखं. पाव-अर्धा मिलीमीटर पसरलेलं, पण जाडी अगदी नगण्य. आणि ही सगळी झाडं एकमेकांना समांतर, एकापाठोपाठ एक उभी असतात. अनुमस्तिष्काला ज्या बारीक घड्या असतात, त्या घडीला काटकोनात कापलं तर झाड समोरून दिसतं. घडीच्या बाजूने कापलं तर त्याची फक्त कड दिसते. मी कड कापली होती. पुन्हा डायक्रोमेट, पुन्हा आठवडा, पुन्हा काळी बोटं. पण दुसऱ्या वेळी जे दिसलं त्यावर मी काही लिहीत नाही, कारण लिहायला लागले की त्याची कविता होते आणि मला कविता येत नाही.

चिऊला हे समजावताना मी पापडाचा डबा काढला. उडदाचे पापड, न तळलेले. डबा आडवा करून त्यात ते उभे लावले, एकापाठोपाठ एक. "समोरून बघ. काय दिसतं?" "गोल." "आता बाजूने?" "रेघा." "ही झाली पुर्किन्येची रांग." मग सुईत दोरा ओवला आणि सगळ्या पापडांतून आरपार घातला. तीन पापड फुटले, पण मुद्दा कळला.

कारण तो दोराही खराच आहे. अनुमस्तिष्कात पुर्किन्येच्या खालच्या थरात अगदी चिमुकल्या पेशी असतात, ग्रॅन्यूल सेल. स्लाइडवर खसखस सांडल्यासारख्या. प्रत्येकीला इनमिन चारेक आखूड फांद्या, टोकाला पक्ष्याच्या पंजासारखी नखं. पण तिचा अक्षतंतू वर चढतो, इंग्रजी टी अक्षरासारखा दोन्हीकडे फुटतो आणि सरळ त्या चपट्या झाडांच्या रांगेतून पार निघून जातो. वाटेत झाडामागून झाडाला शिवत. एकेका पुर्किन्येच्या फांद्यांवर असे लाखभर, कदाचित दोन लाख दोरे येऊन टेकतात. झाड चपटं का, याचं उत्तर माझ्या डोक्यात तेव्हा पडलं. डेरेदार झाडं असती तर एका दोऱ्याच्या वाटेत एवढी मावलीच नसती. पापड चळतीत बसतात, मोदक बसत नाहीत.

याशिवाय प्रत्येक पुर्किन्येवर एक तंतू गुळवेलीसारखा चढलेला असतो. कडुनिंबावर गुळवेल चढते ना, तसाच, खोडावरून फांद्यांवर वळसे घेत. लहानपणी अशा चार-पाच वेली एकाच झाडावर हक्क सांगतात. मोठेपणी एकच उरते. आणि सुरईच्या बुडाभोवती आणखी एका पेशीचे तंतू बुरडाने विणल्यासारखे गुंफलेले असतात, तिला नावच बास्केट सेल. तशीच मोठ्या मेंदूत एक झुंबर पेशी आहे. तिच्या तंतूंची टोकं मेणबत्त्यांच्या ओळींसारखी उभी असतात आणि एकेक ओळ एकेका मोदकाच्या शेपटीच्या सुरुवातीलाच, म्हणजे बोलण्याच्या तोंडावरच, हात ठेवते. नावं ठेवणारी माणसं रसिक होती.

खसखशीची गंमत अजून एक. माणसाच्या मेंदूत चेतापेशी किती, याचं उत्तर बरीच वर्षं लोक 100 अब्ज असं ठोकून द्यायचे. ब्राझीलमध्ये सुझाना एर्कुलानो-हूझेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं चक्क सार केलं, म्हणजे वाटून त्याचं एकजीव पातळ केलं, त्यातली केंद्रकं रंगवली आणि मोजली. 2009 मध्ये आकडा आला 86 अब्ज. त्यातल्या 69 अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात, जे वजनाने मेंदूच्या दहाव्या भागाएवढं. मोदकांचं माहेर असलेल्या सालीत फक्त 16 अब्ज. आपण ज्याला अक्कल म्हणतो ते सालीत असतं म्हणे. संख्येचा जोर मात्र खसखशीकडे.

नुसत्या डोळ्यांनाही दिसणाऱ्या पेशी आहेत, पण एकट्या नाही, जथ्याने. मध्यमेंदूची चकती कापली की दोन्ही बाजूंना काजळाचं बोट फिरवल्यासारखी एक काळी रेघ दिसते. सब्स्टॅन्शिया नायग्रा. या पेशींच्या पोटात काळं रंगद्रव्य साठत जातं, म्हणून त्यांना चांदीचीही गरज नाही. ब्रेन कटिंगच्या वेळी सरांनी एकदा दोन चकत्या शेजारी ठेवल्या. एकीत रेघ ठळक, दुसरीत पुसट, जवळजवळ नाहीच. दुसरी पार्किन्सनच्या माणसाची. मला शेजारचे काका आठवले. शर्टाचं एक बटण लावायला त्यांना दहा मिनिटं लागायची आणि मदत केलेली आवडायची नाही. हात थरथरायला लागेपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. या पेशी इतक्या नाजूक का, याची एक शंका त्यांच्या आकारावरच आहे. एकेकीच्या अक्षतंतूला इतके फाटे फुटतात की माणसात सगळे जोडले तर लांबी चार मीटरच्या वर भरेल, असा अंदाज आहे. अर्धं नऊवारी लुगडं. एका न दिसणाऱ्या धडाने तेवढं जन्मभर चालवायचं.

2024 मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या लोकांनी मेंदूच्या सालीचा एक घन मिलीमीटरचा तुकडा पूर्ण उलगडून दाखवला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या मेंदूतून काढलेला. मी ते वाचताना आधी चाकू कुठला ते शोधलं. हिऱ्याचा. सेक्शन पाच हजारांच्या वर, प्रत्येक तीसेक नॅनोमीटरचं. म्हणजे माझ्या एका सेक्शनमध्ये त्यांची दीडशेच्या आसपास बसतील. आणि यंत्रच ती आपोआप पट्टीवर चिकटवत जातं. मला आमचा ब्रश आठवला, वॉटर बाथवर तरंगणारी वॅक्सची रिबन आठवली, आणि सेक्शन फाटू नये म्हणून धरलेला श्वास. त्या एवढ्याशा तुकड्यात सुमारे 57,000 पेशी आणि 15 कोटी जोडण्या निघाल्या, चित्रांची माहिती भरली चौदा लाख गिगाबाइट. त्यात काही मोदकांच्या जोड्या आरशातल्यासारख्या निघाल्या, एकाचा फाटा उजवीकडे तर दुसऱ्याचा तस्साच डावीकडे. काही अक्षतंतूंनी स्वतःभोवतीच गुंडाळी केलेली, लोकरीच्या गुंड्यासारखी. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आपल्याकडे आयआयटी मद्रासनेही त्याच वर्षी गर्भातल्या बाळाच्या मेंदूची 5,132 सेक्शन पेशी दिसतील इतक्या बारकाईने सगळ्यांसाठी खुली केली, नाव धरणी. मी मोबाइलवर उघडून बघते कधी कधी. सेक्शनला एक घडी पडलेली दिसली की जीवात जीव येतो.

चिऊच्या मॉडेलचं शेवटी असं ठरलं की थर्माकोलची मणक्यातली पेशी शाळेत न्यायची, कारण मार्क तिलाच मिळणार. पापडांचं अनुमस्तिष्क न्यायचं ती म्हणत होती, पण तिच्या आईने नाही म्हटलं. संध्याकाळी मुगाची खिचडी होती. दोरा काढला आणि पापड तळले. भोक पडलेले पापड तेलात जरा वेडेवाकडे फुलतात, बाकी चवीत फरक नाही.